दहा खोकी

दुकानवाल्या काकूंच्या पायाला भिंगरी. गिऱ्हाईक नसलं की बाईचा जीव थाऱ्यावर नसायचा. बरण्या पुसतील, वजनं पुसतील, पुसलेली पुन्हा पुसतील. त्यात घाऊक मालाच्या टेम्पोवाल्यानं बजावलं होतं, "काकू, या शनिवारी मागणी दहा खोक्यांच्या खाली गेली, तर गाडी या गावाकडे वळणार नाही." गाडी नाही तर माल नाही, आणि माल नाही तर दुकान बंद!

बरं, गावाची माया कमी होती असंही नाही. काकूंचं दुकान तगवायचं, असं सगळ्यांनी आपापसात ठरवलं होतं. पण काय घ्यायचं? तर नासत नाही ते. अख्ख्या गावानं साबण घेतला! काकूंनी हरखून आणखी पाच खोकी मागवली, आणि आता एक वडी हलेना. शहाणी माणसं, दुसरं काय!

शुक्रवारी काकू तरातरा निवृत्त मास्तरांकडे गेल्या. मास्तर दोन महिने घराबाहेर पडले नव्हते. खिडकीत शेजाऱ्यांकरवी मागवलेल्या साबणाची चळत.

"एकट्या माणसाला एवढा साबण? भीक घालताय होय मला?" काकूंचा आवाज चढला.

"तसं नाही हो. लागेल ते मुलगा शहरातून आणतो. मग तुमच्याकडून घ्यायचं काय?"

"आणि मुलाला सांगता येत नाही, ते?"

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "मोठ्या माणसांचे डायपर मिळतात म्हणे. लघवी आवरत नाही, काकू. कुठं जायचं म्हटलं की धडकीच भरते."

"एवढंच ना? मागवते. कागदात गुंडाळून आणून देईन, कुणाला कळायचं नाही."

मग त्या घरोघर हिंडल्या. जो तो इकडंतिकडं बघून हळूच सांगू लागला: गुडघ्याचा पट्टा, केसांचा कलप, कवळी ठेवायची डबी.

शनिवारी टेम्पोवाल्यानं यादी वाचून डोकं खाजवलं. नेहमीचा माल धरून अकरा खोकी!

"काकू, गावाला झालंय तरी काय?"

"तुला नसत्या चौकशा कशाला? आण मुकाट्यानं."

सोमवारी माल आला. काकूंनी लगोलग पुडकं मास्तरांकडे पोचतं केलं.

मंगळवारी मास्तर चालत दुकानात आले, इस्त्रीचा सदरा घालून. काकूंनी स्टूल पुसून पुढं सरकवलं. "बसा," एवढंच म्हणाल्या. मास्तर बसले, आणि दुपारपर्यंत एकदाही उठले नाहीत.