पोपटी नावाची पाटी

तासगाव सोडलं तेव्हा पिशवीत इस्त्री केलेला एक ड्रेस होता, प्रमाणपत्रांची फाईल होती आणि सवयीनं घेतलेले चार ब्रश. शाळेतली माझी तासिका तत्त्वावरची कलाशिक्षिकेची नोकरी उन्हाळ्याआधीच संपली होती. बदलापूरच्या सतीशमामांनी अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता. जागा डिस्पॅच क्लार्कची, मुलाखत सोमवारी सकाळी दहाला. माझं वय एकतीस. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

मामांचं घर सातव्या मजल्यावर. बाल्कनीत उभं राहिलं की एकीकडे चंदेरीचा सुळका दिसतो आणि दुसरीकडे नव्या इमारतींना बांधलेले बांबू. मामीनं पहिल्याच दिवशी तांदळाची भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या जवळ्याची) तिखट चटणी वाढली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली मी दोन घासांत घामाघूम झाले आणि तिसरी भाकरी मागून घेतली.

शनिवारी मामांनी अंबरनाथ दाखवलं. आधी कारखान्याचं गेट. पाळीचे कामगार रिक्षांतून उतरत होते आणि हवेत औषधाच्या बाटलीसारखा उग्र वास होता. मग जुनं शिवमंदिर. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, तिथला गारवा एकदम अंगाशी येतो. बाहेरच्या भिंतींवर वीतभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. मी किती वेळ बघत उभी राहिले कोण जाणे. मामा म्हणाले, "आता दर सुट्टीला येत जा की." मी मान डोलावली आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

रविवारी मामीबरोबर पडद्यांचं कापड घ्यायला उल्हासनगरच्या 'कॅम्प एक' भागात गेले. दुकानदार आपसात सिंधी बोलतात, गिऱ्हाइकाशी हिंदी. मामी मराठीत सुरू करते, हिंदीत घासाघीस करते आणि शेवटी दोघंही हसतात. खरेदी झाल्यावर तिनं मला दाल-पकवान (कुरकुरीत जाड पुरी आणि वर चण्याची डाळ) खायला नेलं.

गाडीवाले महेशभाई शेजारीच स्वतःचं दुकान उघडत होते. वर कोरा पत्रा लावलेला होता आणि त्यावरून त्यांचा वडिलांशी वाद चालला होता. वडिलांना सगळे 'साईं' म्हणत. ऐंशीच्या पुढचे, ताठ. त्यांना नाव हातानं रंगवलेलं हवं होतं, वर जुन्या सिंधी लिपीत आणि खाली देवनागरीत.

"बाबा, अब कौन लिखता है वो? फ्लेक्स लगाते हैं ना," महेशभाई म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मैं लिख दूँगी."

मामीनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"आपको सिंधी आती है?" महेशभाईंनी विचारलं.

"नाही. चित्र काढता येतं. साईं कागदावर लिहून देतील, मी तेच मोठं करीन."

साईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "परसों दुकान खुलेगी. कल का ही दिन है."

कल म्हणजे सोमवार. मी हो म्हटलं.

संध्याकाळी मामांना सांगितलं. "मी शब्द दिलाय तिथं, मेघा. एका दुकानाच्या पाटीसाठी?" ते म्हणाले.

"रागवा मामा. पण मला हे करून बघायचंय."

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सोमवारी सकाळी नऊला मी स्वतः कारखान्यातल्या साहेबांना फोन करून माफी मागितली. "ठीक आहे," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला.

साईंच्या कागदावर पाच अक्षरं होती, उजवीकडून डावीकडे. काही टिंबं वर, काही खाली, कुठं तीन तर कुठं दोन. टिंब चुकलं की अक्षरच बदलतं, असं त्यांनी बजावलं होतं. शिडीवर बसून मी आधी खडूनं आखलं, उतरून रस्त्यापलीकडून पाहिलं, पुन्हा चढले. न वाचता येणाऱ्या अक्षराचं वळण पकडताना श्वाससुद्धा जपून घेत होते. दुपारपर्यंत दोन्ही लिप्यांतलं 'पोपटी' तयार झालं. कोपरा रिकामा वाटला म्हणून उत्साहानं एक हिरवागार पोपटही काढला.

चारला साईं आले. बोटानं हवेत टिंबं मोजली. मी शिडीचा दांडा घट्ट धरला.

"पोपटी," त्यांनी सावकाश वाचलं. "मेरी अम्मा का नाम." मग चष्मा सरकवून म्हणाले, "पर बेटा, ये तोता क्यों?"

"नाव पोपटी ना..."

महेशभाई हसत सुटले. "मॅडम, हमारे में पोपट मतलब तितली!"

मी टर्पेंटाइनचं फडकं घेऊन पोपट पुसायला लागले. साईं खुर्ची ओढून समोर बसले आणि फुलपाखराचे पंख कसे हवेत ते हातांनी दाखवत राहिले.

शेवटचा हात देत होते तेव्हा शिडी हलायची थांबली. खाली पाहिलं तर मामा. कारखान्यातून थेट आले होते, दोन्ही हातांनी शिडी धरून उभे.

"डावीकडची रेघ जरा खाली आलीय," ते म्हणाले.

खरंच आली होती. मी नीट केली.

मंगळवारी दुकान उघडलं. साईं येणाऱ्या प्रत्येकाला आधी पाटी दाखवत, मग आत बोलावत. दुपारी समोरच्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी विचारलं, "माझी पण कराल का हो अशी?" मग एका पापडवाल्यांनी. चार दिवसांसाठी गेलेली मी तीन आठवडे राहिले आणि सहा पाट्या रंगवल्या.

परतीच्या गाडीत शेजारी कराडच्या एक बाई होत्या. घर, गाव, लग्न अशी चौकशी करत त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

गेली कित्येक वर्षं या प्रश्नाला मी लांबलचक उत्तर देत आले होते. सध्या तासिकेवर आहे, पुढं कायम होईल, मामा बघतायत. या वेळी दोनच शब्द आले.

"पाट्या रंगवते."

"अगंबाई, हाताने?" त्या म्हणाल्या आणि डब्यातला लाडू माझ्यापुढं केला. मी तो खाल्ला, खिडकीला डोकं टेकलं आणि थेट सांगलीला जागी झाले.