पाठीवर वाजणारे इंजिन

या दुकानातला खरा मिस्त्री कोण, असे एका अनोळखी गिऱ्हाइकाने मला विचारले होते. मी समोरच्याच खोलीत राहत असे; तरीही मला उत्तर देता आले नाही.

गाळा अरुंद होता. मागच्या भागात मिस्त्री लहान इंजिने दुरुस्त करीत. पुढे, उजेडाकडे तोंड करून, वहिनी शिवणयंत्र चालवीत. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचे नाही, हा त्यांच्या संसाराचा अलिखित करार होता. तो मोडला मिस्त्रींच्या आजारपणाने. तापाने त्यांचे दोन्ही कान नेले. माणसांचे बोलणे त्यांना ओठांवरून बरेचसे कळे. पण इंजिनाला ओठ नसतात. हात ठेवून पाहिले तर नुसती थरथर जाणवे, ठोके एकमेकांत मिसळून जात. दोन इंजिने त्यांनी दुरुस्त न करताच परत पाठवली आणि तिसरे आले तेव्हा जाहीर केले, "हे जमलं नाही तर दुकानाला कुलूप. मी पहारेकऱ्याची नोकरी धरतो."

"बहिरा पहारेकरी! चोरांची चंगळच की," वहिनी म्हणाल्या. ओठ नेमके वाचले गेले, हे मिस्त्रींच्या चेहऱ्यावरून कळले.

हे तिसरे इंजिन रोपवाटिकावाल्याचे, पाणी उपसण्याचे. झकास चालू होई, काही मिनिटे चाले, मग बंद पडे. जरा विसावले की पुन्हा तयार. मालक दारातच उभा होता. "मिस्त्री, रोपांनी माना टाकल्यात. होणार नसेल तर सांगा, दुसरीकडे नेतो."

मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग बसवला, दोरी ओढली. इंजिन चालले आणि बंद पडले.

"कसं बंद पडलं?" स्वतःच्या आवाजाचा अंदाज सुटल्यामुळे ते गरजलेच.

"कसं म्हणजे? पडलं."

"अगं, गचकन की हळूहळू?"

"ओरडू नका. बहिरी मी नाहीये."

प्रश्न मात्र रास्त होता. ठिणगी तुटली तर इंजिन गचकन थांबते. पेट्रोल कमी पडले तर ते चाचपडत, दम सोडत थांबते. आजवर हा निवाडा मिस्त्रींचे कान क्षणात देत असत.

वहिनी शिवणयंत्रावरून उठल्या. "पुन्हा चालू करा, आणि माझ्याकडे पाठ करा."

इंजिन धडधडू लागताच त्यांची बोटे मिस्त्रींच्या पाठीवर नाचू लागली. प्रत्येक ठोका पकडणे माणसाच्या हाताला शक्य नव्हते. त्यांनी चाल पकडली.

"वहिनी, इंजिन दुरुस्त करायचंय की मिस्त्रींची मालिश?" रोपवाटिकावाल्याने टोमणा मारला. कोणी लक्ष दिले नाही. बोटे एका लयीत चालली होती. मग ती डगमगली, एकाएकी वेगाने धावली, ठोक्यांमध्ये फट पडू लागली, आणि शेवटी तळहात पाठीवरून हळूच खाली घसरला.

मिस्त्री गर्रकन वळले. "विझत गेलं!"

"बॉबिनमधला दोरा संपताना टाके सैल पडत जातात ना, अगदी तसं. आणि त्याआधी एकदा उगाच धावलं."

"मग ठिणगीचा दोष नाही! पेट्रोल पोचत नाहीये!"

"टाकी काठोकाठ भरून आणलीय मी," रोपवाटिकावाला म्हणाला.

खात्री करण्यासाठी मिस्त्रींनी टाकीचे झाकण फिरवले, तोच वहिनींनी त्यांचे मनगट धरले. "थांबा! आवाज झाला."

"कसला?"

शब्द शोधण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. गाल आत ओढून, ओठांच्या फटीतून त्यांनी हवा शोषून दाखवली.

"वारा आत गेला?"

"आत!"

मिस्त्रींनी झाकण उजेडात धरले. वरून हिरवागार, चकचकीत रंग होता. पेट्रोल खाली जाते तशी त्याच्या जागी हवा यावी म्हणून झाकणाला बारीकसे छिद्र असते. ते बुजले की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल वरच अडते.

"हा रंग कुणी दिला?"

"मीच. गंजत होतं, म्हणून दोन हात मारले. नव्यासारखं दिसतंय ना?"

"दिसतंय खरं! पण नाक बुजवलंत की हो बिचाऱ्याचं!"

वहिनींनी पदरात टोचलेली सुई पुढे केली. छिद्र मोकळे झाले, झाकण बसले, दोरी ओढली गेली. वहिनींची बोटे पुन्हा पाठीवर आली. नेहमी बंद पडण्याची वेळ आली, आणि टळली.

"थांबलं का?" मान वळवून वहिनींच्या ओठांकडे बघत त्यांनी विचारले.

"नाही."

"आता?"

"नाही हो! आता तुम्हीच थांबा!"

मिस्त्री इतक्या मोठ्याने हसले की रस्त्यावरची माणसे वळून पाहू लागली. रोपवाटिकावाल्याने इंजिन चालू ठेवूनच गाडीवर चढवायचा हट्ट धरला. वहिनींनी त्याला तो सोडायला लावला. मिस्त्री तेवढ्यात बाहेर पडलेही होते. परत पाठवलेली दोन्ही इंजिने मागून आणायला ते स्वतः, जवळजवळ धावतच, निघाले होते.

पुढे काम इतके वाढले की २००९ साली त्या दोघांनी शेजारचा गाळाही भाड्याने घेतला.