चांदीचं पाणी

त्या सकाळचं धुकं माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेलं नाही. मी वेल्ह्याला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तोरणा दिसत नव्हता, एसटी नुसती ऐकू येत होती, आणि त्या पांढऱ्या शांततेतून एक शेतकरी बाई ठाण्यात आली.

"साहेब, आमचा गोबरगॅस पेटत न्हाई."

ठाणे अंमलदार हसला. मी तिला बसवलं.

"शेणात ओढ्याचं पाणी कालवतो आमी. वरच्या औषधाच्या शेडवाल्यानं काय सोडलंया कुणास ठावं. मासं बी उलटं तरंगत्यात."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि औषध निरीक्षक व दोन पंचांना घेऊन शेडवर गेलो. धुकं विरलं होतं. ओळीनं मांडलेल्या काचेच्या बरण्यांतून ऊन मधासारखं झिरपत होतं. विक्रीच्या बाटल्यांवर छापलं होतं, 'चांदीचं पाणी, सर्व रोगांवर'. परवाना नव्हता. मालक चाळिशीचा, शांत.

"बिघडलेला माल कुठं ओतता?" मी विचारलं.

"ओढ्यात. चांदीच आहे, साहेब. जंतू मरतात, एवढंच."

"शेण कुजवून गॅस करतात तेही जंतूच," निरीक्षक म्हणाले. "आणि हे न दिसणारे कण माशांच्या कल्ल्यांत जातात."

"चांदीनं कुणाचं वाईट होत नाही."

कितीही फिरवून विचारलं तरी उत्तर तेच. आवाज जराही कापत नव्हता.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. दारातल्या उन्हात तिचा चेहरा, हात, नखं, सगळं निळसर राखाडी दिसलं. पाण्याखालून कुणी वर बघावं तसं.

"आजी, हे पाणी घेता?" निरीक्षकांनी विचारलं.

"व्हय. लेक सोताच्या हातानं पाजतो. लोकं म्हणत्यात, म्हातारी काळवंडली."

"चांदी कातडीत बसलीय. हा रंग आता जात नाही, आजी."

मालक आईकडे पाहत राहिला. मग खाली बसला. "लिहून घ्या, साहेब. सगळं सांगतो."

पंचनामा झाला, मुद्देमाल सील झाला. पुढं ओढ्याच्या पाण्यातही चांदी सापडली आणि त्याला शिक्षा झाली. त्या शेतकरी बाईनं गोबरगॅसची टाकी उपसून पुन्हा भरली, गॅस पेटला. ओढ्याच्या गाळात बसलेल्या कणांचं काय झालं, ते मात्र कुणी सांगू शकलं नाही.

नोकरीभर मी खोटं बोलणारा आवाजावरून ओळखत आलो होतो. या माणसाचा आवाज खरा होता. मनापासून विश्वास ठेवणारा माणूसही केवढं नुकसान करतो, हे मला तिथं कळलं.

त्या दिवशी त्याला जीपमध्ये बसवताना आजी जवळ आल्या. त्याच्या केसांवरून निळसर हात फिरवत मला म्हणाल्या, "मारू नका, साहेब. म्या बरी व्हावी म्हनूनच देत व्हता."