श्रीरंगरावांचा अंगठा

देशातली जवळजवळ निम्मी जमीन पिकाऊ आहे, असं कुणी म्हटलं की श्रीरंगराव उजवा अंगठा पुढे करायचे. "आधी याला विचारा!"

थट्टाच, पण अगदीच खोटी नव्हे. बंगळुरातल्या माती-सर्वेक्षणाच्या सरकारी कचेरीत त्यांची वीस वर्षं गेली होती. गावोगाव खड्डा खणायचा, चिमूटभर माती पाण्यात मळायची आणि अंगठ्यानं तर्जनीवरून पुढे सारत तिची फीत काढायची. फीत लांब लोंबली तर जमीन ओल धरणारी. लगेच तुटली तर वाळूची, हलकी. प्रयोगशाळेचं उत्तर यायला महिने लागत, तोवर अंगठ्याचाच शब्द चाले.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात बंगळुराजवळच्या आनेकलकडे काम निघालं. कारखान्यांसाठी जागा हवी होती. पिकाऊ रानं सोडायची, हलकी तेवढी घ्यायची, असं ठरलेलं. मुनियक्काच्या नाचणीच्या रानात फीत पुन्हापुन्हा तुटली. श्रीरंगरावांनी 'हलकी' लिहिलं.

"सार, स्वल्प नीट बघा," मुनियक्का कानडीत म्हणाली. "पाऊस जाऊन महिना झाला, तरी इथं खुरपं ओलं निघतं."

"अक्का, माती बोलते तेच मी लिहितो."

"मग आज तिचा घसा बसलाय!"

ते हसले आणि पुढच्या रानात गेले.

शनिवारी घरी अलकाताई कणीक मळत होत्या. बोलता बोलता नवऱ्यानं सवयीनं गोळा उचलला आणि फीत काढू लागला. तुटली. पुन्हा तुटली.

"अहो, कणीक कशी तुटेल? केवढं दाबताय!"

"कुठे दाबतोय?"

"नख पांढरं पडलंय, बघा तरी!"

श्रीरंगराव नखाकडे बघत राहिले. मग त्यांनी शेगडीवरून नुकताच उतरवलेला कॉफीचा पेला सरळ उचलला आणि धरून ठेवला. अलकाताईंनी किंचाळून तो हिसकावला.

"साखरेच्या दुखण्यानं बोटं बधिर झाली का हो तुमची? कधीपासून?"

"दसऱ्यापासून मुंग्या येत होत्या. मग थांबल्या. मला वाटलं, बरं झालं."

रविवारी दोघं आनेकलच्या बसमध्ये बसली. खड्डा अजून उघडाच होता. अलकाताईंनी पदर खोचला, माती मळली, नवऱ्यानं सांगितलं तसं हलक्या हातानं सारत नेली. फीत बोटावरून खाली उतरली आणि लोंबत राहिली.

"हिला का नाही आणलंत त्या दिवशी?" मुनियक्कानं विचारलं. या वेळी श्रीरंगराव हसले नाहीत.

सोमवारी ते वरिष्ठांसमोर, जयसिंगरावांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

जयसिंगरावांनी उठून दार लोटलं. "एक शेत ना? करा दुरुस्त. बोटांचं बोलू नका."

"साहेब, दसऱ्यापासूनचे सगळे खड्डे मीच पाहिलेत."

"मग? सगळे पुन्हा खणू? वरचे लोक थांबतील? आणि हे बाहेर गेलं की तुमची फिरती संपली. टेबलाला खिळाल."

"पण बाकीची रानं..."

"अहो, आज निदान तिचं तरी वाचतंय! सगळ्यांचं काढलंत तर तेही लटकेल. त्या बाईचं वाटोळं करायचंय का?"

श्रीरंगराव अंगठ्यानं तर्जनी चोळत राहिले. काहीच जाणवत नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, "ती भांडली. बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून मान डोलावली. भांडली म्हणून तिचंच वाचवू?"

"म्हणजे?"

"सगळे खड्डे पुन्हा खणायचे."

त्यांनी खांद्यावरची फिरतीची पिशवी, आतल्या पाण्याच्या बाटलीसकट, टेबलावर ठेवली.

घरी अलकाताई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाले?"

"वर कळवतो म्हणाले. पुढचं त्यांनाही ठाऊक नाही."

"आणि मुनियक्काचं रान?"

"तेही सगळ्यांबरोबर अडकलं." ते खुर्चीत बसले. "तिला जाऊन सांगायला हवं. काय सांगू, ते मात्र कळत नाही."

अलकाताईंनी कॉफीचा पेला पुढे केला, मग आठवून मागे घेतला आणि फुंकर घालत बसल्या.