बीडचा माल

ती केस आठवली की मला अजून आधी हसू येतं, आणि मग थोडी लाजही वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी "बाई, एखादी केस सांगा ना" म्हटलं की माझ्या तोंडी येतात ते ड्रेनेजचे पाईप. समोरच्याचा चेहरा पडतो. पडू दे बापडा. ऐकून झाल्यावर उठत नाही कुणी.

काळ नव्वदच्या दशकाचा. मी शिपाई म्हणून भरती झालेली, खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले होते. आमच्या ठाण्याची हद्द पंचवटीच्या पलीकडे मळ्यांपर्यंत जायची. एका वाफ्यात शेवंती, शेजारच्या वाफ्यात इमारतीचा पाया, असं तेव्हा नाशिक वाढत होतं. अशाच ठिकाणी एक सोसायटी उभी राहत होती. पहिली इमारत होऊन लोक राहायला आलेले, दुसरीचं बांधकाम चालू.

एका सकाळी सोसायटीचे चेअरमन फिर्याद द्यायला आले. दुसऱ्या इमारतीच्या सांडपाण्यासाठी आणलेले कास्ट आयर्नचे पाईप आवारातून चोरीला गेले होते. गाडा भरून माल. संशय वॉचमनवर, कारण राखणीला तोच आणि आवारातल्या पत्र्याच्या खोलीत बायकोसह राहतही तोच.

गुन्हा दाखल झाला, चोरीचं कलम ३७९, तपास माझ्याकडे. जागेवर जाऊन पंचनामा केला. पाईप ठेवले होते तिथलं गवत दबून पिवळं पडलेलं, आणि टेम्पोच्या चाकांच्या खुणा सरळ फाटकातून बाहेर गेलेल्या. कुलूप तुटलेलं नाही, तार कापलेली नाही. म्हणजे फाटक उघडून दिलेलं. उघडणारा कोण, हे सांगायला फौजदार कशाला लागतो?

वॉचमनला जीपमध्ये घालून चौकशीला ठाण्यात आणलं. नांदगावकडचा, पन्नाशीला आलेला, हाडकुळा माणूस. मी विचारलं, "फाटक कुणासाठी उघडलंस?"

"मला नाय माहीत, बाई."

"पाईप कुठं आहेत?"

"मला नाय माहीत."

प्रत्येक उत्तराला तो स्वतःच्या चपलांकडे बघायचा. आता माझं एक निरीक्षण सांगते. स्वतःचं पाप लपवणारा माणूस तुमच्या डोळ्यांत बघून बोलतो, त्याला आपण पटतोय की नाही हे तपासायचं असतं. खाली बघतो तो बहुतेकदा दुसऱ्याचं काहीतरी लपवत असतो. पण निरीक्षण काही कोर्टात चालत नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत बोलला तर ठीक. नाहीतर अटक दाखवा." चेअरमननी तर तिकडं त्याच्या बायकोला खोली रिकामी करायलाही सांगून टाकलं होतं. म्हणजे अब्रू, नोकरी आणि डोक्यावरचा पत्रा, तिन्ही एका दमात जाणार होती.

त्याच दुपारी ठाण्यात फोन वाजला.

फोन उचलला आमच्या ठाणे अंमलदारांनी, एका जुन्या हवालदारांनी. माणूस फार चांगला. मूळचे बीड जिल्ह्यातले, पण बदली होऊन नाशकात वर्षं काढलेली, त्यामुळे गावाचं नाव निघालं की त्यांचे कान उभे राहायचे. फोन ठेवून ते तरातरा माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, खबर आहे! एका बाईचा फोन. म्हणाली, बीडचा माल आलाय, मळ्यात लपवलाय, लवकर घेऊन जा."

"कोणता मळा? नाव काय तिचं?"

"तेवढ्यात कुणीतरी आलं वाटतं. 'अगं बाई' म्हणाली आणि फोन ठेवला."

"बीडचा माल म्हणजे काय माल?"

हवालदार जरा दुखावले. "ते मला काय माहीत मॅडम? आमच्याकडं काय वाईटच माल असतो असं नाही."

साहेबांनी खबर ऐकली. कुणी म्हणालं हातभट्टी, कुणी म्हणालं चोरीच्या मोटारसायकली. मळा कोणता ते कळेना, म्हणून मालाची पुढची खेप तरी पकडू असं ठरलं आणि बीडकडून शहरात येणाऱ्या रस्त्यावर नाकाबंदी लागली. पाईपचा तपास बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तिथं गाड्या तपासत उभी! दोन तासांनी एक टेम्पो आला, ताडपत्री घट्ट बांधलेली, पाटी बीडची. हवालदारांनी स्वतः दोर सोडला. आत काय? सीताफळं. वरपासून खालपर्यंत सीताफळं.

ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "साहेब, सीताफळं कुणी लपवून आणतं का? उद्यापर्यंत लपवली तर मऊ होत्यात."

हवालदारांनी एक फळ उचललं, वास घेतला आणि त्यांचे डोळेच भरून आले. "मॅडम, बालाघाटचं आहे हो!" मग काय, ड्रायव्हरनं आग्रहानं आम्हा सगळ्यांना एकेक दिलं. रस्त्याच्या कडेला बिया थुंकत उभं असलेलं पोलीस पथक लोकांनी पाहिलं असेल तर त्यांना आमच्या तपासाबद्दल काय वाटलं असेल, देव जाणे.

दुपारी ठाण्यात परतले तर दारात वॉचमनची बायको उभी. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. शिपायानं अडवलं म्हणून तिचा आवाज टिपेला गेलेला. मी तिला आत घेतलं. तिनं नवऱ्यापुढं भाकरी सोडली आणि माझ्याकडं वळली.

"बाई, तुमी तरी इचार करा. दोन दिवस झाले माणूस बसवून ठेवलाय. अवो, घरात बिडाचा तवा चुलीवरून उतरवायला मला हाका मारतो हा. त्यो बिडाचे पाईप घेऊन कुटं पळंल? दोन गड्यांना एक पाईप उचलत नाय!"

"काय म्हणालीस?"

"दोन गड्यांना..."

"त्याच्या आधी. कसले पाईप?"

"बिडाचे. लय जड असत्यात." या बाईच्या घरी तवा आहे की नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमच्याकडं काय म्हणत्यात?"

काय म्हणतात! माझ्या स्वैपाकघरात आईच्या हातचा बिडाचा तवा रोज चुलीवर चढत होता आणि मी बीड जिल्ह्याच्या रस्त्यावर ताडपत्र्या सोडत होते. फिर्यादीत 'कास्ट आयर्न' लिहिलेलं, चेअरमनच्या तोंडी 'कास्ट आयर्न', आम्ही सगळे दोन दिवस कास्ट आयर्न कास्ट आयर्न करत होतो. त्या ओतीव लोखंडाला आपल्या भाषेत बीड म्हणतात, हे एकालाही सुचलं नाही. फोनवरची बाई म्हणाली होती 'बिडाचा माल' आणि आमच्या हवालदारांना ऐकू आलं त्यांचं गाव.

मी खुर्ची वॉचमनच्या समोर ओढली. "पाईप मळ्यात आहेत. मळा कुणाचा?"

भाकरीचा घास त्याच्या हातात तसाच राहिला. "बाई, तुमाला मळ्याचं कुणी सांगितलं?"

"ते राहू दे. कुणाचा?"

"मी नाव सांगणार नाय, बाई. शब्द दिलाय. काय मारायचं तर मारा. तुमी मास्तरांनाच इचारा."

मग त्याच्या बायकोनं कपाळावर हात मारला. "सांगितलं की वो नाव! देवा रे, ह्याला राखणीला ठेवलाय!"

मास्तर म्हणजे सोसायटीचे एक सभासद, निवृत्त शिक्षक. पहिल्या इमारतीत तळमजल्यावर भाड्यानं राहत होते, स्वतःचं घर दुसऱ्या इमारतीत होणार होतं. मी हवालदारांना घेऊन त्यांच्याकडं गेले. नवराबायको नुकतेच सटाण्याहून परतलेले, पिशव्या अजून दारातच. मास्तरीणबाई आजारी, भिंतीलगतच्या कॉटवर पडून होत्या.

मी म्हटलं, "मास्तर, पाईप कुठं ठेवलेत?"

ते हसले. "अखेर चेअरमन पोलिसांपर्यंत गेले म्हणायचे! चला, बरं झालं. आता तरी सभा बोलावतील. बाई, मी काही विकले नाहीत ते. नुसते हलवलेत."

"का पण?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी पाणी सोडलं. भिंतीतून असा काही घळघळाट खाली आला की मीच दचकले. कॉटवरच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"म्हणून," मास्तर म्हणाले. "ही प्लास्टिकच्या पाईपांची इमारत. वरचे तीन मजले दिवसरात्र हिच्या उशाशी कोसळतात. नव्या घरातही सांडपाण्याचा नळ नेमका झोपायच्या खोलीमागून येतोय. मी वर्षभर सगळ्यांच्या मागे लागलो. बिडाचा पाईप जड, जाड, पाणी गेलेलं कळत नाही. उन्हानं तडकत नाही, आगीला वितळत नाही. सभेत ठराव झाला, माल आला. आणि मग चेअरमनना कुणीतरी सांगितलं की जग प्लास्टिककडे चाललंय. सभा न घेताच माल परत पाठवायचं ठरवलं त्यांनी. मी म्हटलं, माल जागेवर नसला तर परत काय पाठवतील? माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फुलांचा मळा आहे, त्याच्याच टेम्पोतून नेले. वॉचमननं हात लावला म्हणून जमलं."

"तो वॉचमन दोन दिवस आमच्याकडं बसलाय. आज संध्याकाळी अटक होईल."

मास्तरांचं हसू असं गेलं की मला बघवेना. "अटक? त्याला? अहो, पण त्यानं सांगितलं का नाही, मास्तरांनी नेले म्हणून?"

"तुम्ही सांगू नको म्हणालात ना."

ते खाली बसले. परत उठले आणि चपला शोधायला लागले. कॉटवरून मास्तरीणबाई त्यांच्या बागलाणी बोलीत म्हणाल्या, "हाऊ माणूस येडा शे, बाई. मी सांगी सांगी थकनू, माले झोप नको, भांडण नको." आणि मग नवऱ्याला, "त्या बिचाऱ्याला आधी घरी आणा. चपला राहू द्या, तसेच जा."

आम्ही मळ्यावर पोहोचलो. पत्र्याच्या शेडमध्ये काळे पाईप नीट रचून ठेवलेले, आणि बाहेर झेंडूचे ढीग उन्हात. मळ्याची मालकीण पदर खोचून पुढं आली.

"आलात का एकदाचे! फोन करून जीव गेला माझा. दसरा आलाय, झेंडू काय डोक्यावर ठेवू? मालक म्हणतो मास्तरांचं काम हाय, गप बस. म्हणून नाव नाय सांगितलं. पण येवढा येळ?"

हवालदार म्हणाले, "ताई, तुम्ही बीडचा माल म्हणालात."

"बिडाचाच हाय ना मग! हा काय पितळेचा दिसतो?"

"मी बीडचा आहे हो," हवालदार अगदी हळू म्हणाले.

"असाल. त्यात माझी काय चूक?"

मुद्देमाल ताब्यात घेतला, मास्तरांचा जबाब झाला. चेअरमन ठाण्यात आले ते तणतणत. "चोरी ती चोरी. मास्तर झाले म्हणून काय?"

मी त्यांना शांतपणे सांगितलं की चोरीला लबाडीचा हेतू लागतो. इथं माल सोसायटीचा, नेणारा सोसायटीचा सभासद, नेला तो सोसायटीच्याच ठरावासाठी. न विचारता नेला, हे चुकलंच. पण त्याला ३७९ म्हणत नाहीत. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून त्याची 'सी समरी' कोर्टात पाठवून केस बंद करता येते, आणि ती मी पाठवणार होते. "तुमचं भांडण पाईपाचं आहे, ते सभेत भांडा. बिडाचे घालायचे की प्लास्टिकचे, हे ठरवायला पोलीस नकोत."

मी मास्तरांचा जबाब पुढं ठेवला, तो वाचून चेअरमन मास्तरांकडं वळले. मास्तर अनवाणीच उभे होते. "वहिनींना एवढा त्रास होतो, हे तुम्ही मला एकदा तरी बोललात का?" चेअरमन म्हणाले. "सभेत नेहमी टिकाऊपणा, आग, ऊन. मला वाटलं मास्तर हट्टाला पेटलेत."

"बायकोचं दुखणं सभेत कसं मांडायचं?" मास्तर म्हणाले.

नंतर कळलं, सभेत फार भांडण झालंच नाही. झोपायच्या खोल्यांमागून उतरणारे नळ बिडाचे, बाकी प्लास्टिकचे, असं ठरलं. जड पाईप कमी लागले म्हणून चेअरमन खूश, आणि मास्तरीणबाईंच्या उशाशी शांतता.

पण माझ्या मनात ही केस राहिली ती त्यासाठी नाही. चेअरमन आणि मास्तर पुढं निघून गेले, तसा वॉचमन उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी जातो बाई, सोसायटीत मागच्या फाटकानं जाईन." मागच्या फाटकानं! ज्यानं चोरी केलीच नव्हती तो माणूस. मी त्याला म्हटलं, थांब. जीप काढायला लावली. त्याला पुढं बसवलं, ड्रायव्हरशेजारी, त्याची बायको आणि मी मागं. संध्याकाळची वेळ, सोसायटीतली माणसं कामावरून परतत होती, बायका गॅलरीत कपडे काढत होत्या.

फाटक जवळ आलं तशी त्याची बायको माझ्या कानाशी वाकली. "बाई, भोंगा वाजवा की. नेताना वाजवला होता."

मी ड्रायव्हरला म्हटलं, "वाजव."

आणि त्यानं असा वाजवला की इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्या भरून गेल्या. मास्तर फाटकातच उभे होते. त्यांनी स्वतः जीपचं दार उघडलं, सगळ्यांसमोर हात जोडले आणि मोठ्यानं, वर्गात बोलावं तसं म्हणाले, "याचा काही दोष नाही. दोष माझा आहे." वॉचमन परत चपलांकडं बघायला लागला. त्याच्या बायकोनं मात्र मान वर करून एकेका गॅलरीकडं पाहून घेतलं, कुणी ऐकायचं राहिलं नाही ना म्हणून.

या केसनं मला काय शिकवलं, असं विचाराल तर एवढंच. एखाद्याला ठाण्यात नेताना अख्खी गल्ली बघते. तो निर्दोष निघाला की आपण त्याला 'जा' म्हणतो, आणि ते कुणाला दिसतही नाही. पुढं निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी सांगत आले: निर्दोष माणूस सोडायचा तर उजेडी सोडा, पुढच्या फाटकानं सोडा, आणि जीपला भोंगा असेल तर तो वाजवा.