उलट्या वायरींची गाडी

निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी ती दुपार आजही आठवते.

चेन्नईत गिंडीकडच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. साठीच्या एका बाईंची जुनी पेट्रोल गाडी चोरीला गेली होती. नवरा गेल्यापासून त्या ती स्वतः चालवून लग्नाच्या वरातींची भाडी करत. पोट तिच्यावरच होतं. आठवड्याने खबऱ्याचा फोन आला: एका शेडमध्ये तशीच गाडी आहे, रंग ताजा आहे.

लगेच धाड टाकून गाडी ठाण्यात आणली. पण शेडवाल्याचे कागद चोख निघाले, चासी नंबरही जुळला. बाई म्हणत होत्या, "माझीच वंडी, माझीच गाडी." पुरावा मात्र काही नाही. संध्याकाळपर्यंत तो मिळाला नसता तर गाडी त्या माणसाच्या हवाली करावी लागली असती.

चौकशीत शेडवाला कुठेच अडखळेना. "सार्, दहा वर्षं हिचं इंजिन मीच खोलतो, मीच बसवतो."

माझ्या नावाची पाटी वाचून बाई आमच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "अय्यो, मग वायरी काढून त्याजला लावायला सांगा की!" का, ते सांगितलं नाही.

मी पंच बोलावले आणि आमच्या मेकॅनिकला उभं केलं. इंजिनाच्या चारही प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्याच्या टोपणावरच्या चारही वायरी मी स्वतः उपटल्या. शेडवाल्याने हसत हसत त्या लावल्या: एक, तीन, चार, दोन. ठिणगीचा ठरलेला क्रम, अगदी पुस्तकातल्यासारखा. स्टार्टर मारला, तर कार्ब्युरेटरमधून असा बार उडाला की पहाऱ्यावरच्या शिपायाने बंदूक सावरली!

"टायमिंग हललंय, सार्." त्याने डिस्ट्रिब्युटर थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवला. पुन्हा बार. आता त्याला घाम फुटला होता.

बाईंनी पदर खोचला. एकची वायर चारच्या जागी, दोनची तीनच्या जागी.

"अम्मा, उलटं लावताय!" मेकॅनिक ओरडला.

"उलटंच आहे ते," म्हणत त्यांनी किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू! हवालदाराने टाळ्या पिटल्या आणि, खरं सांगतो, मीही पिटल्या.

इंजिनाचं काम करताना त्यांच्या यजमानांनी डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसवला होता. पुन्हा खोलण्याऐवजी त्यांनी वायरींची अदलाबदल करून भागवलं होतं. शेडवाल्याने कधी बॉनेटखाली हातच घातला नव्हता. तासाभरात त्याने गुन्हा कबूल केला. पुढे घासलेला मूळ नंबरही तपासणीत उमटला.

"आता तेवढं सरळ करून घ्या," मी बाईंना म्हटलं.

"चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी कबूल केलेली ही एकच चूक, सार्. ती कशाला पुसू?"

चोख कागदांनी मी त्या दिवशी जवळजवळ फसलो होतो. तेव्हापासून ज्याच्या जबाबात एकही चूक सापडत नसे, त्याला मी आणखी एक कॉफी पाजून बसवून ठेवू लागलो.