दुपारचं स्टेशन

आमच्या रेडिओला दुपार सोसत नसे. रात्री जेवणं उरकल्यावर जळगावचं केंद्र इतकं स्वच्छ लागायचं, की निवेदक आमच्याच उंबऱ्यावर बसून बोलतोय असं वाटावं. पण ऊन डोक्यावर आलं की तोच आवाज अशक्त व्हायचा, खरखरीत बुडायचा, आणि त्याच्यावर शेजारच्या स्टेशनवरचं एखादं गुजराती भजन चढून बसायचं. आई म्हणायची, जळगाव दुपारी झोपतं. मी कितीतरी वर्षं ते खरं मानून चालले होते.

नव्वदच्या दशकातले दिवस. आम्ही सुरतेत, पांडेसऱ्यात राहायचो. पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, रांगेच्या शेवटी थोडी मोकळी जागा, तिथे एक कडुनिंब, आणि कडुनिंबापलीकडे लूमचं खातं. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. वडील त्याच खात्यात कारीगर होते. मागांची खटाखट दिवसरात्र चालायची आणि आम्हाला ती ऐकूच यायची नाही. वीज गेली आणि माग थांबले, की मात्र पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागायची. खोल्यांसमोरचा नाला डाइंगच्या कारखान्यांतून यायचा. आज गुलाबी, उद्या पोपटी. बायका दारात भांडी घासता घासता त्याच्याकडे बघून म्हणायच्या, हा रंग बरा आहे, या रंगाची साडी मिळाली पाहिजे. माझ्या बालपणातलं पाणी डोळ्यांपुढे आणायचं म्हटलं की मला अजून ते रंगीतच दिसतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशातला लेकीबाळींचा सण. दिवाळीला नाही गेलं तरी चालेल, आखाजीला माहेरी गेलंच पाहिजे. कडुनिंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, पुरुषांनी दिवसभर पत्ते कुटायचे आणि कोणी कोणाला कामाला लावायचं नाही. आईच्या गावाची यात आणखी एक रीत होती. जी लेक त्या वर्षी आली नसेल तिची पाळी चुकवत नसत. तिच्या नावानं एक रिकामा झोका मागे ओढून धरायचा, तिच्यासाठी एक कडवं म्हणायचं, मग गाणं सांगणारीनं म्हणायचं, "सोडा वं." दोर सुटायचा, रिकामी फळी एकटीच पुढे जाऊन यायची, आणि पुढचीची पाळी. आई हे सांगायला लागली की मला ती रिकामी फळी दिसायची.

आई बऱ्याच आखाज्या माहेरी गेली नव्हती. मामाच्या लग्नात वडिलांना खात्यातून रजा मिळायला उशीर झाला. आम्ही पोचलो तेव्हा हळद लागून गेली होती, आणि करवलीचा मान दुसऱ्या कोणाला देऊन झाला होता. आईनं मांडवातच तोंड फुगवलं. तिच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या मावशीनं, चारचौघींत तिला सुनावलं, "तुनावाचून काही अडनं नही." तुझ्यावाचून काही अडलं नाही. झालं, एवढंच. पण एवढंच पुरतं. आई तशी बोलकी, हसरी बाई, खोल्यांच्या रांगेत सगळ्यांची भांडणं मिटवणारी. तिनं स्वतःचं मात्र घट्ट गाठ मारून ठेवून दिलं. मला तिचा राग यायचा. आखाजीला बाकीच्या मुली मामाकडे आमरस ओरपायच्या आणि मी पांडेसऱ्यात नाल्याचे रंग बघत बसायचे.

अशातच गावाकडचा एक माणूस घरी आला. तो डाइंगमध्ये कामाला होता आणि नुकताच गावी जाऊन आला होता. चहा पिता पिता त्यानं सहज सांगितलं, की मागच्या आखाजीला रेडिओवाले गावात आले होते, बायकांची झोक्यावरची गाणी भरून घेऊन गेले, आणि या आखाजीला दुपारी बायकांच्या कार्यक्रमात ती लावणार आहेत. गाणी मावशीनंच सांगितली होती.

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. तिनं विचारलं, "मना झोका धरा का रे भाऊ?"

तो खजील झाला. आखाजीच्या दिवशी तो पारावर पत्त्यांत होता. झोक्यांखाली पुरुषांचं काय काम, कोणाचा झोका धरला आणि कोणाचा नाही हे त्याला कुठून कळणार? आईनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तिचं लक्ष घरात राहिलं नाही. तिचा झोका धरला असेल, तर माहेरच्या बायकांत तिची जागा अजून होती. पाळी चुकवली असेल, तर मावशी म्हणाली होती ते खरं होतं. आणि हे कळायची एकच वाट होती, नेमकी दुपारची. वडील म्हणाले, "दुपारले नही येस ते. रातले येस." आई त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जणू दुपार त्यांनीच केली होती.

मग वडिलांनी रेडिओ मनावर घेतला. केबल नुकती आमच्याकडे आली होती. त्याआधी सगळ्यांनी टीव्हीचे अँटेना उंच चढवण्यात उमेदीची वर्षं घातली होती. त्यामुळे आवाज येत नाही म्हणजे उंची कमी पडते, यावर रांगेतल्या सगळ्या पुरुषांचं एकमत होतं. पत्र्यावर बांबू उभा राहिला. मोटारीतून निघालेली जुनी तांब्याची तार वडिलांनी खात्यातून आणली, बांबूच्या टोकाला गुंडाळली, तिथून लोंबत खाली रेडिओपर्यंत आणली. रेडिओला जोडून उरलेलं तारेचं टोक मोकळं कसं सोडायचं, म्हणून ते खात्याच्या पत्र्याला पक्कं बांधलं. रेडिओ चालू केला आणि खात्यातले सगळे माग आमच्या खोलीत शिरले. आधी खरखर तरी होती, आता नुसता घरघराट. शेजारचे एक काका म्हणाले, बांबू अजून उंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो अजून उंच झाला आणि घरघराट अजून वाढला.

आज माझ्या घरातलं वायफाय मंदावलं की सगळे त्या लुकलुकणाऱ्या डबीभोवती जमतात. बंद कर, चालू कर, उंच ठेव. मी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. मी बघते ती मधली भिंत, फ्रिज, मायक्रोवेव्ह, लोखंडी कपाट. घरचे हसतात. हसू देत. आवाज कमी पडतो त्याआधी तो कुठेतरी अडलेला असतो, नाहीतर दुसरं काहीतरी त्याच्यावर ओरडत असतं, हे मी त्या कडुनिंबाखाली शिकले.

आखाजी उजाडली. आईनं घागर भरली, पूर्वजांना नैवेद्य दाखवला, पुरणाच्या पोळ्या केल्या. कडुनिंबाला झोका ती दर वर्षी बांधायचीच, माहेरी जावो न जावो. त्या दिवशीही बांधला. खात्याला सुट्टी नव्हती. सुरतेच्या शेठला आखाजीचं काय? जेवणं झाली, आणि कार्यक्रमाच्या वेळेला आम्ही रेडिओ घेऊन अख्खी खोली पालथी घातली. खिडकीत, फळीवर, माठाच्या कडेला, दाराच्या कोपऱ्यात. मी तो हातात धरून हळूहळू गोल फिरायचे. एका दिशेला तोंड केलं की बाईचा आवाज सुईच्या टोकाएवढा यायचा आणि जायचा. निवेदिका काहीतरी सांगत होती. आखाजी एवढा एकच शब्द कळला, मग घरघर.

आईनं माझ्या हातातून रेडिओ ओढून घेतला. तार उपटून टाकली. वडिलांना म्हणाली, "राहू द्या तुमनं ते." आणि रेडिओ पोटाशी धरून तरातरा चालत गेली ती कडुनिंबाखाली झोक्यावर जाऊन बसली. ती पाठमोरी होती, रडत होती की नाही ते मला दिसलं नाही. सवयीनं तिचे पाय जमिनीला लागले आणि झोका हलायला लागला.

ती दुपार आजही माझ्या अंगावर तशीच्या तशी आहे. उन्हानं सगळं पातळ केलेलं. नाला त्या दिवशी हळदीच्या रंगाचा होता. निंबाचा मोहोर गळत होता, आईच्या केसांत, पदरावर, रेडिओच्या जाळीवर. झोका पुढे जायचा तो खात्याच्या विजेच्या खांबाकडे, तेव्हा नुसती घरघर. मागे यायचा तो झाडाशेजारच्या पाण्याच्या सिमेंटच्या टाकीमागे, जिथून खातं दिसेनासं व्हायचं, आणि तिथे, अगदी टोकाला, झोका क्षणभर थांबतो ना, तेवढ्यात बायका गायच्या. पुढे घरघर, मागे गाणं. पुढे पांडेसरा, मागे गाव. मी कितीतरी वेळ ते अर्धवट झोपेत असल्यासारखी ऐकत उभी होते, आणि मग ओरडले, "आई, मागे गेल्यावर लागतंय!"

शेजारची काकू दारातून धावत आली. ती मराठवाड्याची, तिला आखाजीचं विशेष काही नव्हतं, पण अंगात जोर होता. तिनं झोका मागे आला तसा दोन्ही हातांनी दोर धरला. "अगं माय, हलू नकोस आता, धरलाय म्या." तिची जाऊ आली, तिनं दुसरा दोर धरला. मी फळीला मागून खांदा दिला. आई तशी अधांतरी, पाय सुटलेले, रेडिओ मांडीवर, टाकीच्या आड. आणि दुपारचं झोपलेलं जळगाव जागं झालं. घरघर, निवेदिका, काही नाही. नुसत्या बायका, आणि त्यांच्यामागे दोरांची करकर.

मावशीचा आवाज मी लगेच ओळखला. जाडसर, थोडा हुकमी. ती एकेकीची पाळी सांगत होती. न आलेल्या कोणा एकीचं कडवं झालं, मावशी म्हणाली, "सोडा वं," आणि बायका हसल्या. दुसरीचं झालं. "सोडा वं." आईचा श्वास मला पाठीतून कळत होता. काकूच्या हातांना घाम आला होता, दोर हातात सरकत होता, आणि वडील खोलीच्या दारात उभे होते, आत ना बाहेर.

मग मावशीनं म्हटलं,

"साऱ्या उन्यात पोरी, एक उनी नही वं माय,
सुरतनी वाट लांब, तिनी गाडी उनी नही वं माय.
तिले येवाले उशीर व्हई, दोर सोडू नका वं माय."

सगळ्या पोरी आल्या, एकच नाही आली. तिला यायला उशीर होईल, दोर सोडू नका. नेहमीच्या कडव्यात उशिराचं काही नसतं, हे मला आईनं नंतर सांगितलं. ते मावशीनं स्वतःच्या पदरचं घातलं होतं, मांडवातल्या बोलण्यावर. बायकांनी ती ओळ दोनदा झेलली. मी "सोडा वं" ऐकायला कान टवकारले. ते आलं नाही. थोडा वेळ नुसती करकर, मग निवेदिकेचा आवाज, कार्यक्रम इथेच संपतो.

काकूनं विचारलं, "सोडू का आता?" आई म्हणाली, "थांब थोडं." आणि तिथेच अधांतरी बसून, बंद न केलेल्या रेडिओतल्या बाजारभावांवर, तिनं मावशीच्या कडव्याला उत्तराचं कडवं म्हटलं. झोक्याच्या गाण्यांत एकीनं म्हटलं की दुसरीनं उत्तर द्यायचं असतं. आमचा रेडिओ नुसता बोलायचा, ऐकायचा नाही, हे तिला माहीत होतं. तिचा आवाज तेव्हा किती कोवळा लागला, तो माझ्या ओळखीचाच नव्हता. मला तिच्यावरचा सगळा राग त्या दुपारीच संपल्यासारखा झाला.

संध्याकाळी ती ट्रंक काढून बसली. उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधल्या, माझे दोन झगे घडी करून ठेवले. वडिलांनी विचारलं, सण तर झाला, आता उद्या जाऊन काय करशील, मे अखेरीला सगळेच जाऊ. आईनं ट्रंकेचं कुलूप लावलं.

"वरीस व्हई गयं, धरी बसेल शेतस त्या," ती म्हणाली. वर्ष झालं, धरून बसल्या आहेत त्या. "हात दुखतस व्हतीन त्यासना."

सकाळी उधना स्टेशनवरून आम्ही भुसावळच्या पॅसेंजरमध्ये बसलो.